कपाळावरची पट्टी आणि सव्वाअकरा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी दोनदा वाच. ती तपासणारी माणसं कशी असतात ते खाली कळेलच.) मी ठीक आहे. म्हणजे उठतो, आंघोळ करतो, कामावर जातो. यालाच ठीक म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं आहे.

गेल्या महिन्यात माझ्या हातून मोठा घोळ झाला. तुला माहीतच आहे, आमच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या छापतात आणि शेवटची तपासणी माझी असते. कानात घालायच्या थेंबांच्या चिठ्ठीत खोकल्याच्या औषधाचा मजकूर घुसला, 'जेवणानंतर दोन चमचे', आणि त्याखाली मी झोकात सही ठोकली. यंत्रावरच्या मिस्त्रींनी छापण्याआधी पाहिलं म्हणून निभावलं. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि ते बराच वेळ माझ्या कानाकडे पाहत राहिले. साहेब ओरडतील असं वाटलं होतं (ओरडले असते तर बरं झालं असतं), पण त्यांनी एक डबी हातात ठेवली. आत कपाळाला बांधायची पट्टी. मन कामावरून उडालं की ती थरथरते आणि दिवसभर लक्ष किती लागलं त्याचा आलेख साहेबांच्या मोबाइलवर जातो. महिनाभर बघू म्हणाले, नाहीतर गोदामात खोकी बांधायला जा.

पहिल्या दिवशी पट्टी थरथरली की मी दचकायचो, दचकलो की लक्ष उडायचं, लक्ष उडालं की ती पुन्हा थरथरायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना विटलो. दारावरच्या पहारेकऱ्याने डोक्याला कुठे लागलं म्हणून विचारलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपल्या मेहुण्याच्या डोक्याला पडलेल्या टाक्यांची साग्रसंगीत हकिगत सांगितली, आणि ती ऐकताना पट्टी अगदी गप्प होती. म्हणजे परक्याच्या टाक्यांवर माझं लक्ष लागतं, औषधाच्या चमच्यांवर नाही.

महिना संपल्यावर साहेबांनी आलेख दाखवला. दिवसभर रेघ जमिनीला चिकटलेली, आणि रोज सव्वाअकराला मात्र एकच उंच सुळका. त्यांचे डोळे चमकले.

"सव्वाअकराला तुम्ही नेमकं करता काय?"

"काम," मी म्हणालो.

ताई, तुझ्यापाशी काय लपवू? सव्वाअकराला मी टेबलावरच्या फोनकडे बघत असतो. आई रोज त्याच वेळी फोन करायची, चष्मा कुठे ठेवलाय म्हणून. मी वैतागून सांगायचो, गॅसपाशी बघ, खिडकीत बघ. (एकदा डोक्यावर बघ म्हणालो, तर तो खरंच तिथे निघाला, आणि ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.) तिला जाऊन पाच महिने झाले. मला तिची फार आठवण येते. पट्टी त्याला एकाग्रता म्हणते.

आता साहेबांनी फर्मान काढलं आहे की लहान मुलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, ज्यांत चूक झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, त्या माझ्यापुढे बरोबर सव्वाअकराला ठेवायच्या. नेमकं तेव्हाच मला एक अक्षरही दिसत नाही. कालपासूनच्या चिठ्ठ्या मी सही न करता तशाच दाबून ठेवल्या आहेत.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. साहेबांना खरं सांगायला हवं, हे कळतं मला. उद्या सांगतो. (हे वाक्य मी परवाही लिहून खोडलं होतं.)

आणखी एक. तू रोज सव्वाअकराला मला फोन करशील का? दोनच मिनिटं. आईचा फोन येऊन गेला की पुढचं काम नीट व्हायचं माझं. आई तुला किती वाजता फोन करायची, हे मी कधी विचारलंच नाही. ती वेळ सांग, तेव्हा मी करीन.

शेवटचं. फोनवर चष्मा कुठे आहे एवढंच विचार. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, आता तुलाही माहीत झालं. तरी विचार. मी वैतागणार नाही.