गोठ्यासाठी शेवाळ

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलेच! गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सात महिने झाले, डॉक्टरांनी डोंगर बंद सांगितलाय — सांगू देत. काठी टेकत, थांबत थांबत तुंगारेश्वरच्या मागच्या पठारावर पोचले. पाझराखालची दलदल अजून ओली आहे. काळा मऊ चिखल, त्यावर शेवाळाची गादी, आणि गादीत दवबिंदू, ती किडे खाणारी वनस्पती! शर्टाच्या बटणाएवढं लालसर रोप. पानावरच्या चिकट थेंबांत एक चिलट अडकलेलं, ते रोप त्यालाच खाणार. सीतेची आसवंही उशिरा फुललीत, दोन-चार, जांभळी. बेडूक तर नखाएवढे! पाऊण तास हलले नाही.

पण जागा आता माझ्या बैठकीच्या खोलीएवढीच उरलीय. कडेला फावड्याचे वार दिसले. ताजे.

१ डिसेंबर, रविवार

कोण ते कळलं. शेजारच्या जॉयसचा मुलगा स्टीवन आणि त्याच्या टोळीतली पोरं. नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेत आमचं गाव दरवर्षी पहिलं येतं, कारण बाळ येशूभोवती आम्ही खरं शेवाळ अंथरतो. यंदा सहा गोण्या हव्यात म्हणे! मिस्सानंतर त्याला चर्चच्या आवारातच धरलं. म्हणाला, "टीचर, शेवाळच आहे ना? परत येईल."

त्या गादीनेच पाणी धरून ठेवलंय, ती उचलली की दवबिंदू आठवड्यात वाळतो, हे सांगितलं. पोरं हसली. हसा!

८ डिसेंबर

फादरांकडे गेले. पोरांचा उत्साह मोडू नका म्हणाले. चहा चांगला होता, तो प्याले. शनिवारी पोरं शेवाळ काढायला जाणार आहेत, तेव्हा मी वर बसलेली असेन, असं सांगून आले.

१४ डिसेंबर, शनिवार

बसले! घडीची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली. सात जण फावडी घेऊन आले. स्टीवन हळूच म्हणाला, चला, घरी सोडतो. मी म्हटलं, "आधी मला उचल, मग शेवाळ." दोन तास उन्हात उभे राहिले आणि रिकाम्या गोण्या घेऊन उतरले. गुडघ्याचा भोपळा झालाय. होऊ दे.

१६ डिसेंबर

पाववाल्याशिवाय गावात कोणी माझ्याशी बोलत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

जॉयस आली. भांडायला नाही. टेबलावर एक फोटो ठेवला — १९९४, माझा सातवीचा वर्ग, गोठ्याचं पहिलं बक्षीस मिळालं ते वर्ष. तोच पाझर. हिरवं थेट कड्यापर्यंत पसरलेलं, चर्चच्या मैदानाएवढं. पोरांच्या हातात भरलेल्या गोण्या, पुढे दोन वेण्यांतली जॉयस. मधोमध मी. हातात फावडं.

जॉयस म्हणाली, "आम्हाला ती जागा कुठं ठाऊक होती, टीचर? तुम्हीच नेलंत."

विसरले होते म्हणू? नाही. लख्ख आठवतं. येशूबाळासाठी नेत होतो, म्हणून नासधूस वाटलीच नाही. पुढची अकरा वर्षं नेलं. लाज वाटते.

२२ डिसेंबर, रविवार

यंदाचा गोठा नुसत्या मातीवर आहे. त्याच्या शेजारी तो फोटो मोठा करून मीच लावला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं — सुरुवात मी केली.