तिसऱ्या रांगेतली मावशी

१० नोव्हेंबर, सोमवार

मिळाली गाडी! आठवडाभर माझ्याकडे. मारुंजीच्या आमच्या गल्लीत ती वळेचना. एका बाजूला टेम्पो, दुसऱ्या बाजूला बाइकांची रांग. चहावाल्यानं बाकडं उचललं तेव्हा कुठे आत शिरली. घरमालक गॅलरीतून ओरडले, "जुईली, लॉटरी लागली काय?"

लॉटरी कसली! परीक्षण लिहायचंय. गाड्या चालवून बघायच्या आणि वेबसाइटवर त्यांचं बरंवाईट लिहायचं, ही नोकरी असू शकते हे त्यांना अजून पटत नाही.

शेखर सरांचा हुकूम — "लक्झरी फॅमिली एसयूव्ही आहे. एकटीच हायवेवर पळवून आणू नकोस. फॅमिली बसव."

फॅमिली म्हणजे मुळशी. आई आणि बाबा. उद्या आईचा डायलिसिसचा वार. सर, तुम्ही मला काय दिलंत, तुम्हाला माहीत नाही!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आईनं गाडीभोवती एक फेरी मारली. "चपला काढायच्या का गं?" बाबांनी तर काढल्याच होत्या.

पायरी उंच आहे, हे लिहायला हवं. आईचा पाय पोचेना. बाबांनी आतून जेवणाचा पाट आणून खाली ठेवला. एवढी ऐटबाज गाडी आणि चढायला पाट!

पण एकदा बसलं की विचारू नये. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, पाठ मागे रेलते, पायांना आधार खालून वर येतो. बावधनच्या हॉस्पिटलातून परत येताना आई नेहमी अर्धमेली होते. भाड्याच्या व्हॅनमध्ये पिरंगुटच्या आतच उलटी. आज तिनं कनवटीची प्लास्टिकची पिशवी बाहेरच काढली नाही. पौड गेलं, पुढची वळणं गेली. पुढे माझ्याशेजारी बसलेले बाबा सारखे मागे वळून बघत होते. मग हळूच म्हणाले, "झोपली गं. खरंच झोपली."

सस्पेन्शनवर, म्हणजे गाडी खड्डे कसे गिळते त्यावर, मी आजवर किती परिच्छेद लिहिले! त्यातल्या एकातही हे नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज घरीच. बाबा खळ्यावर, भात झोडायचं चाललंय. आईला सनरूफ उघडून दाखवलं. वर बघून म्हणाली, "ऊन आत घ्यायला भोक पाडलंय व्हय?" हसून हसून माझी पुरेवाट!

हसत होती म्हणून पुन्हा विषय काढला. डॉक्टर म्हणतायत, किडनी बदलली तर डायलिसिस सुटेल. बाबांना शुगर, त्यांची चालत नाही. माझी ती घेत नाही.

"तुझं समदं आयुष्य पडलंय. परत हा विषय काढलास तर मी जेवणार न्हाई."

संपलं. भाकरी थापत राहिली. मीही गाडीच्या डिकीचे फोटो काढत राहिले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

डायलिसिसहून परत येताना, पिरंगुटच्या स्टॉपवर, उन्हात, दोन पिशव्या घेऊन रंभामावशी! आईची सख्खी थोरली बहीण. तिच्या मुलाच्या, ओमच्या लग्नात आईला मानाची साडी द्यायची राहिली. एवढंच. आई न जेवता मांडवातून निघाली आणि तेव्हापासून दोघींचा अबोला. एकमेकींच्या गावावरून जायचं, पण मान वळवायची नाही.

मी पुढेच निघाले होते. बाबा म्हणाले, "थांबव."

"आई—"

"झोपलीय ती. थांबव म्हणतो ना!"

मावशीनं आधी मला ओळखलंच नाही. मग मागे आईला बघितलं आणि पाऊल मागे घेतलं. "एस्टी येईल माझी." बाबांनी खाली उतरून पिशव्याच उचलल्या. "एस्टी गेली. बसा."

आईशेजारची खुर्ची रिकामी होती. मावशी ती ओलांडून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली! तिथं गुडघे हनुवटीला लागतात. मी आरशात बघत होते. पदर आवळून, तोंड खिडकीकडे करून बसली होती.

भरे गाव मागे पडलं आणि आईच्या पायात गोळा आला. डायलिसिसनंतर तिला येतो कधी कधी. दचकून जागी झाली, ओरडलीच. रस्ता अरुंद, मागे डंपर, मला गाडी बाजूला घेता येईना. बाबा पट्टा सोडायला धडपडतायत, आणि तेवढ्यात मागून मावशी! दोन खुर्च्यांच्या फटीतून, वाकून, साडी सावरत पुढे आली आणि खाली मांडी घालून बसली. आईची पोटरी दोन्ही हातांनी धरली.

"ताण. टाच ताण. अशी न्हाई, माझ्याकडं."

आईनं खाली बघितलं. कोण आहे ते कळलं. पाय मागे घेतला नाही.

मला थांबायला जागा मिळाली तोवर गोळा उतरला होता. मावशी तरी चोळतच होती. मग तिचं लक्ष आईच्या हाताच्या पट्टीकडे गेलं.

"हे काय?"

"सुया टोचत्यात. रगात बाहेर काढून धुत्यात."

"कधीपास्नं?"

"लई दिस झालं."

"मला वाटलं साधी शुगर हाय." मग एकदम चिडून, "सांगायचं न्हाई व्हय गं साधने?"

आई म्हणाली, "तू इचारलंस कधी?"

मावशी पुन्हा पोटरी चोळायला लागली. तिच्या फाट्यापर्यंत तशीच खाली बसून राहिली. मी म्हटलं, मावशी, वर बस. म्हणाली, "हितंच बरी हाय."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईनं दोनदा विचारलं, "रंभी पिशव्या घिऊन नीट गेली असंल ना?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पौडच्या फाट्यावर मावशी उभी! हातात डबा. दार उघडून सरळ आईशेजारी बसली. "मी येती आज संगं."

डबा उघडायच्या आधीच आई म्हणाली, "मीठ चालत न्हाई मला."

"घातलंच न्हाई."

हॉस्पिटलात चार तास दोघी बोलत होत्या. मी आणि बाबा बाहेर बाकावर. बाबा म्हणाले, "गाडी चांगली हाय बरं का. लिही तसं." आणि डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गाडी परत दिली. आतून पुसून घेतली, खाली शेंगांची टरफलं सापडली. मावशीच!

परीक्षण लिहून टाकलं. पायरी वयस्कर माणसांना उंच. मधल्या रांगेतला आराम उत्तम. तिसरी रांग मोठ्या माणसांसाठी नाही, पण दोन खुर्च्यांमधून पुढे येण्याइतकी जागा आहे. सरांनी विचारलं, "हे शेवटचं कशाला? कोण येतं तिथून?"

म्हटलं, "राहू द्या सर."

राहू दिलं. भला माणूस.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा भाड्याची व्हॅन. आईला उलटी झाली. पण पिशवी धरायला मावशी होती. मला आज देवाकडे काही मागावंसं वाटलं नाही. आहे हेच किती!

२९ नोव्हेंबर, शनिवार

मावशीचा फोन. काल ती कुणालाही न सांगता एकटीच एसटीनं बावधनला गेली आणि आईच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसली — "माझी किडनी चालती का बघा." रक्तगट जुळलाय. बाकीच्या तपासण्या सोमवारी.

कसंबसं म्हटलं, "मावशी, आई नाही म्हणेल गं."

"म्हनू दे. थोरली मी हाय."