पाठ उघडी

३ सप्टेंबर, स. ६.४०
हिने अकरा वर्षं मागच्या भिंतीशी आयरिसचे कंद वाढवले. ओढ्याकाठचे, रानातले. वही नाही, नकाशा नाही, अंतर वाटेल तसं. तरी दर वर्षी जांभळी फुलं यायची, हा निव्वळ योगायोग. ही जाऊन सात महिने झाले. आता सूत्रं माझ्याकडे. पंप, घड्याळं आणि इन्कम टॅक्स मी कोणाकडेही न जाता शिकलो. सात कंद म्हणजे किस झाड की पत्ती!

४ सप्टेंबर
सातही उपटून एका रेषेत लावले. नऊ-नऊ इंचांवर, बरोबर चार इंच खोल. मुलगी म्हणाली, बाबा, कंदाची पाठ उन्हात उघडी ठेवायची, आई तशीच ठेवायची. म्हटलं, तुझी आई दुधाचं पातेलंही उघडंच ठेवायची.

५ सप्टेंबर, स. ६.१५
सातही पाठी उघड्या! माती हाताने सारल्यासारखी. मांजर. संध्याकाळी पुन्हा पुरले.

६ सप्टेंबर
पुन्हा तेच. नर्सरीवाल्याला फोन केला. मांजर मोजून सात कंद उकरतं का? म्हणाला, साहेब, मांजराचं सोडा, एवढे खोल गाडलेत तर कुजतील. अर्धवट माणूस.

९ सप्टेंबर
वाफ्याभोवती वाळू पसरली होती. सकाळी तिच्यावर चपलांचे ठसे. डावी टाच झिजलेली. ही डाव्या पायावर भार देऊन चालायची. तिच्या चपला मागच्या दाराशी आहेत. तळाला ओली वाळू.
असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. चहा दोन कप झाला, तो सवयीने.

१२ सप्टेंबर
पुरताना जरा बोललो. गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंस, एवढंच. उत्तर अपेक्षित नव्हतंच. खोली पाच इंच केली. सकाळी सगळं उघडं. पूर्वीही माझं काम ही असंच निस्तरायची, अवाक्षर न काढता.

१७ सप्टेंबर
मी मुद्दाम पुरतो असं कोणी म्हणेल. म्हणो. पुरलं नाही तर ती येईल कशाला? तिसऱ्या कंदाची पानं पिवळी, ती उन्हाने. मुलगी रडवेली झाली. म्हणाली, आईचं एवढंच जिवंत उरलंय हो, मारू नका. म्हटलं, मारतोय कुठे, तीच सांभाळतेय ना. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

२१ सप्टेंबर
मुलगी नोकरीच्या ट्रेनिंगला गेली, पंधरा दिवस. निघताना म्हणाली, पुरू नका. शब्द दिला. संध्याकाळी सहा इंच.

२२ सप्टेंबर
माती जशीच्या तशी. रविवार आहे म्हणा.

२३ सप्टेंबर
तशीच. दोनदा जाऊन आलो. मागच्या दाराची कडी काढून ठेवली, कडीमुळे अडचण नको.

२४ सप्टेंबर
तशीच. दाराशी चपलाही नाहीत. घरभर शोधल्या. शेवटी मुलीला फोन. म्हणाली, त्या मी आणल्यात. आई गेल्यापासून मीच घालते, तुमच्या लक्षात नाही आलं? मग म्हणाली, माती पण मीच काढायचे, उजाडताच. तुम्ही पुन्हा बोलायला लागलात, गुणगुणायला लागलात, म्हणून तोंड उघडलं नाही.
मला पहिल्यापासून माहीत होतं, असं सांगितलं.

२५ सप्टेंबर, स. ६.००
माती स्वतः काढली. चार कंद लगदा झालेत, बोट आत जातं. वास हाताला आहे, दोनदा साबण लावूनही. तीन टणक आहेत. त्यांची पाठ उघडी ठेवली.
मुलीचा फोन आला, किती वाचले? सातही, म्हणालो.
दहा मिनिटांनी मीच फोन केला. तीन, म्हणालो. बराच वेळ फोन दोघांनीही ठेवला नाही.