बैठकीच्या भिंतीवरचे भुंगेरे

पुणे, ५ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
रोशनचा सविनय जयभीम, वि. वि.

हा विषय काढला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून शेवटी पत्र. रविवारी, अठरा तारखेला, वैभवीचे आईबाबा कन्हानहून आपलं घर पाहायला येणार. आमचं दोघांचं इथं ठरलंच आहे, त्यांना फक्त घर आणि तुला बघायचंय. मला रजा नाही.

आई, बैठकीतले ते किडे तेवढे काढ. असतील दीडशे वर्षांपूर्वीची, हातानं रंगवलेली चित्रं; पण शेजारची नूपुर मागच्या वेळी खरे किडे समजून चप्पल घेऊन भिंतीवर धावली, आठवतं ना? कुरियरनं धबधब्याचा मोठा फोटो पाठवलाय. तो त्या जागी लाव.

गोळ्या वेळेवर घे. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
रोशन

नागपूर, ९ फेब्रुवारी २०२४

चि. रोशनले,
आईचा जयभीम अन् भरभरून मंगल कामना.

तुहं पत्र भेटलं, धबधबाही भेटला. न्हाणीत लावला. तिथं शोभते. भुंगेरे जागचे हालणार नाहीत.

काहून हालावे गा? कॉलेजात विभागाची साफसफाई निघाली तवा ह्या चित्रायचं जुनं पुस्तक अर्धं वाळवीनं खाल्लं होतं, बाकीचं रद्दीच्या ठेल्यावर चढलं होतं. मी विभागप्रमुख धोटे मॅडमले म्हटलं, हे मले द्या. त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. एकेक पान ब्रशनं झाडलं अन् इतवारीतल्या ताराचंदकडून फ्रेमा करून घेतल्या. तो म्हणे, बाई, त्यापेक्षा फुलं लावा. मी म्हटलं, फुलं तर सारेच लावते.

शेणाची गोळी ढकलणारा तो काळा एकदा नीट पाह्य. पायावरचा एक काटाही चितारणाऱ्यानं सोडला नाही. शेणातल्या किड्यावर कोणीतरी एवढा जीव लावला, हे पाहून मले रोज बरं वाटते.

अन् तुले त्यायची किळस कवापासून गा? लहानपणी माह्यासंग कॉलेजात येऊन पेटीतले भुंगेरे तूच मोजत बसे. खरं काय ते लिही. व्याह्यायले शुगर आहे काय, तेही कळव, म्हणजे तसं करते.

रागावली आहे, पण आईच आहे.

प्रेमिला

पुणे, १३ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. लग्नाच्या बायोडाटात मी ‘आई : निवृत्त, प्राणिशास्त्र विभाग’ एवढंच लिहिलं. वैभवीचे बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी धरून घेतलं की तू प्राध्यापक होतीस. फोनवर ते तुला मॅडम म्हणतात आणि मी गप्प बसतो. वैभवीलाही सांगितलं नाही. चित्रं दिसली की ते हमखास विचारणार, तुम्ही काय शिकवत होता. म्हणून काढ म्हणतोय.

खोटं बोल असं म्हणत नाही गं. फक्त विषय निघू देऊ नकोस. लग्न झालं की मीच सगळं सांगेन. तिच्या बाबांना शुगर आहे, चहा बिनसाखरेचा कर. एवढ्या वेळी सांभाळून घे.

तुझा,
रोशन

नागपूर, १९ फेब्रुवारी २०२४

चि. रोशनले,
जयभीम. आशीर्वाद देऊन राहिली, पण तोंड फिरवून.

पाहुणे आले. भिंतीवर अकराच्या अकरा भुंगेरे होते, काचा पुसून ठेवल्या होत्या. वैभवीची आई आधी दचकली, मग चष्मा लावून जवळ गेली. तिच्या बाबांनी, तू म्हटलं तसंच, विचारलं की मॅडम कोणत्या वर्गाले शिकवत होत्या.

मी सांगितलं की मी मॅडम नाही. बत्तीस वर्षं त्या प्रयोगशाळेत परिचर होती. झाडू मारला, बरण्या धुतल्या, किड्यायच्या पेट्यायत डांबरगोळ्या टाकल्या. सातवी शिकली. पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पोरं अडली की मागच्या दारातून मलेच विचारत, मावशी, हा कोणता. मग मी उठली अन् अकराही भुंगेरे नावानिशी दाखवले, शिंगवाल्यापासून हिरव्या सोनकिड्यापर्यंत, खाली छापलेल्या लॅटिन नावासकट. एकदाही अडकली नाही.

बाबांचा चहा थंडा झाला. त्यांनी खिशातून तुहा बायोडाटा काढला, पुन्हा वाचला, घडी करून ठेवला. घरी बोलून कळवतो म्हणाले अन् गेले.

ते गेल्यावर मी रडली. खोटं काहून सांगू? त्यायच्यासाठी नाही रडली. ज्या नोकरीनं तुले इंजिनिअर केलं, ती एका ओळीत लिहाले तुहा हात जड झाला, म्हणून रडली.

होकार आला तर मी नाचत येईन. नकार आला तर भुंगेऱ्यायवर ढकलू नको. पण उत्तराची वाट पाहू नको तू. आजच वैभवीसमोर उभा राह्य अन् सांग, माही आई त्या विभागात झाडू मारत होती. मी आपल्या तोंडानं सांगितलं, माही जीभ नाही झडली. आता तुही पाळी. ते सांगितल्याशिवाय ह्या घराची पायरी चढू नको.

माया आहे तेवढीच आहे, ती कोणाच्या सांगण्यानं कमी होत नाही.

तुही आई,
प्रेमिला
निवृत्त प्रयोगशाळा परिचर, प्राणिशास्त्र विभाग