समुद्रापासून लांब

९ डिसेंबर
बंड्याचा फोन. पोटचा पोरगा, पण बोलतो हवामानखात्यासारखा! "आई, इथे भयंकर थंडी. नळाचं पाणी गोठलंय. तुला सोसायची नाही. नंतर बघू." उन्हाळ्यात म्हणाला होता, अंगाची लाही होतेय, आत्ता नको. सूनबाईला फोन दे म्हटलं तर ती बाहेर गेलेली. नेहमीच बाहेर!

हे गेल्यापासून एकदाही त्याच्याकडे बोलावलं नाही.

११ डिसेंबर
वाचनालयातून भूगोलाचं पुस्तक आणलं. तिथली बाई हसली. "आजी, परीक्षेला बसताय काय?" म्हटलं, बसलेय. पेपर मुलानं काढलाय.

१२ डिसेंबर
दिवसभर वाचलं. चौथीत शाळा सुटली, तरी नेटानं वाचलं की कळतं. बंड्याचं शहर आपल्याहून बरंच उत्तरेला. तिकडे ऊन तिरपं पडतं, म्हणून गारवा जास्त. इथवर त्याचं खरं. पण शहर समुद्राला लागून! समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो — जाड बुडाच्या पातेल्यासारखा. त्यात पाठीशी डोंगर, उत्तरेचा वारा अडवणारा. अशा गावाला ना लाही, ना गोठणं.

हे असते तर मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. "पुढे?" म्हणाले असते आणि घोरायला लागले असते. खाटेवरच्या त्यांच्या जागी आता पुस्तकं झोपतात.

१३ डिसेंबर
म्हणजे थंडी नडत नाही. मी नडतेय.

१६ डिसेंबर
फोन आला. मी उचलला नाही. मग दिवसभर फोनजवळच बसून राहिले. वेडी कुठली!

१८ डिसेंबर
आज उचलला. "काय रे, पाणी सुटलं का नळाचं?" तो म्हणाला, "नाही गं, आज तर—" मग मात्र राहवलं नाही. म्हटलं, समुद्रकाठी नळ गोठत नाहीत. पुस्तकात वाचलंय मी. आई नको असेल तर सरळ नको म्हण, थंडीला कशाला पुढे करतोस?

 

"आई, मी समुद्रकाठी नाहीये आता."

बंदरातली नोकरी वर्षामागेच गेली. सूनबाई तिच्या आईकडे गेली, ती गेलीच. हा डोंगरापलीकडे, आत, उंचावर, एका खाणीत कामाला लागलाय. तिथे समुद्राचा वाराच पोचत नाही. उन्हाळ्यात होरपळ, हिवाळ्यात बर्फ — दोन्ही खरं. एका खोलीत चौघं. खाटा दोन. रात्रपाळीवाला उठला की हा आडवा होतो.

"तुला कुठे ठेवू, सांग ना!" म्हणाला. आवाज लहानपणीसारखा झाला होता. मी म्हटलं, जेवलास का?

१९ डिसेंबर
पुस्तकाचं काही चुकलं नव्हतं. मी गाव चुकीचं धरलं होतं. पोराचं गाव पुस्तकाला विचारत बसले, पोराला नाही.

पान उघडून पुन्हा बघितलं. डोंगराच्या पलीकडे नकाशा नुसता तपकिरी. त्यात कुठेतरी तो.

२३ डिसेंबर
घरमालकाला किल्ली परत दिली. आज रात्रीच्या गाडीनं निघते. खाणीचा पत्ता परवा फोनवर सहज म्हणून विचारून घेतला. बंड्याला कळवलेलं नाही, नको म्हणेल. तिथे खोली शोधीन. दोन खाटा मावतील एवढी.