बिनमाउसचा कॉम्प्युटर

बाई, मी तुमच्या अकोल्याच्या टायपिंगच्या वर्गातला, सकाळच्या बॅचचा, मॅट्रिक नापास, खिडकीजवळच्या मशीनवर बसणारा. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आता या वयात तुमची आठवण कॉम्प्युटरमुळे यावी, याचं मलाच नवल वाटतं. वर्षभरापासून माझा उजवा हात थरथरतो. टाइप करताना नाही. बोटं कळांवर टेकली की शांत होतात. पण माउस धरला की पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरतो, एकदा दाबायचं तिथं दोनदा दाबलं जातं. घरात कोणाला सांगितलं नाही. अमरावतीत आमच्या ओट्यावर लोक अजून अर्ज टाइप करून घ्यायला येतात. मुलीला हाताचं कळलं तर ती हे काम बंद करायला लावील, ही धास्ती सारखी मनात असते. म्हणून तिला म्हटलं, ‘माउसनं वेळ जाते, मले सगळं कळांवर पाह्यजे.’

ती अकोल्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रविवारी आली आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं विंडोज काढून लिनक्स टाकलं. चित्रं नाहीत, बाण नाही. एक कळ धरून दुसरी दाबली की कोरा कागद उघडतो, आणखी एक उघडला की पडदा आपोआप दोन्ही कागदांत वाटला जातो. कोणत्या कामाला कोणती कळ, ते ती एका फाइलीत लिहीत होती. ‘बाबा, अक्षर सांगा.’ मला इंग्रजी अक्षर पटकन सुचत नाही. हात टेबलावर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणालो, ‘डाव्या करंगळीच्या वरची.’ ती हसली. ‘बोटं काहून सांगून राहिले? असं कोणं शिकवलं तुमाले?’

तुम्ही शिकवलं. घरी मशीन नव्हतं, म्हणून तुम्ही चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर चौकोन आखून दिले. सगळे रिकामे. मी भीतभीत म्हणालो, ‘बाई, अक्षरं लिहाची राह्यली.’ तुम्ही रागावलात. ‘राह्यली नाईत. पाहाले भेटलं का तू पाहातच राहशीन.’ चुलीजवळ आई भाकरी थापते आहे, मी पुठ्ठ्यावर बोटं आपटतो आहे, आणि ती विचारते, ‘याच्यातून कागद कवा निंघते?’

परवा एक म्हातारी अर्जासाठी बसली असताना माझं बोट चुकलं आणि पडदा कोरा झाला. मुलीला फोन लावला. ‘बाबा, कागद कुठी गेला नाई. पडद्यामागं दुसऱ्या टेबलावर गेला. असे नऊ टेबल देले तुमाले.’ फोन स्पीकरवर होता, म्हातारीनं ऐकलं. ‘नऊ टेबल हायेत, मंग मले एक स्टूल तरी दे.’ कागद सापडला, अर्ज झाला.

हे याच कॉम्प्युटरवर टाइप केलं खरं, पण तुम्हाला पाठवणार तरी कुठं? पुसून टाकायला हवं. येत्या रविवारी मुलगी कळा तपासायला येणार, तेव्हा ती हे वाचील. पुसायची कळ मला ठाऊक आहे. सकाळपासून दाबली नाही. हाताचं तोंडानं तिला सांगवत नाही, बाई.