न आलेल्या पाहुण्यांचा चहा

मी, जिनेश फतेचंद कर्नावट, वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने करसल्लागार, राहणार जुन्नर, हे पत्र अशा हेतूने लिहीत आहे की, माझ्या घरी साखरपुडा झाल्याची बातमी तुझ्या डिंभ्यापर्यंत पोहोचली असल्यास ती तू खरी मानू नयेस आणि तुला वगळले म्हणून रागावू नयेस. कोणालाही वगळलेले नाही. कोणीही आलेले नव्हते.

रा. रा. सोपानराव यांसी सप्रेम नमस्कार. (पाकिटावर व येथे तुला बहुवचन दिले आहे. वसतिगृहाच्या एकाच खोलीत पदवीपर्यंतची वर्षे काढलेल्या माणसाला यापुढे ते देणे मला जमणार नाही.) गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? यंदा धरणात मासळी बरी आहे ना? (ही चौकशी मी केवळ मित्र या नात्याने करतो, तपशील कळवू नयेस.)

टँजरीन पार्लमेंट हा विलायती वाद्यवृंद तुला आठवत असेलच. आपल्या कॅसेटवरचे त्यांचे ते लांबलचक गाणे फीत संपल्यामुळे नेहमी मध्येच तुटे, आणि पुढे काय होत असेल यावर आपण अभ्यासापेक्षा अधिक चर्चा केली. त्यांच्या पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका जाहीर मैफलीचे ध्वनिमुद्रण कुठल्याशा गोदामात सापडले आणि आता त्याच्या दोन तबकड्या निघाल्या आहेत. खुशबूने (माझी कन्या, मुक्काम बेंगळुरू, अविवाहित, हा शेवटचा शब्द पुढे लागणार आहे) त्या तबकड्या व वाजवण्याचे यंत्र माझ्या वाढदिवसाला पाठवले. "पप्पा, घरात काहीतरी आवाज असू दे," एवढेच ती फोनवर म्हणाली. तिची आई गेल्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून या घरात आवाज असा पाण्याच्या मोटारीचाच.

ध्वनिमुद्रण प्रामाणिक आहे. कोणी त्यातून काही कापलेले नाही. लोकांचा गलका आहे, खुर्च्या सरकतात, एक इसम शिट्टी मारतो, दुसरा खोकतो, आणि गाणे संपल्यावर टाळ्या इतक्या पडतात की पहिल्या रविवारी दुपारी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. (का उठलो, याचे समाधानकारक कारण मला अद्याप सापडलेले नाही.) एवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या जैबुन्निसाभाभी, म्हणजे बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या तय्यबभाईंच्या पत्नी, हातात ट्रे घेऊन उभ्या होत्या. आमची भिंत सामाईक आहे.

"पावणं लई आल्यात वाटतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आठ कप केलाय. कमी पडला तर भिंतीवर थाप मारा. लई दिसांनी घर भरल्यावाणी वाटलं."

खुलासा माझ्या ओठांवर होता. मी ट्रे घेतला, "आभारी आहे" म्हणालो आणि दार लोटून घेतले. अन्न टाकणे आम्हा जैनांत पाप मानतात हे तुला ठाऊक आहे. शिवाय सर्व कप उष्टे दिसणे आवश्यक होते. आठही कप मीच प्यालो. टँजरीन पार्लमेंट मी त्यानंतर फार एकाग्रतेने ऐकले, कारण झोप येण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

कप परत द्यायला गेलो तेव्हा तय्यबभाई बाहेरच बसले होते. "भाऊ, मधी कोन तरी लई कन्हत व्हतं. कुनाला बरं न्हवतं काय?" (तो मुख्य गायक.) प्रवासाने त्यांची प्रकृती बिघडली होती, असे मी उत्तर दिले. येथून पुढे माझे विधान माझ्या ताब्यात राहिले नाही. मोठ्या संख्येने पाहुणे, लग्नाची मुलगी, दार आतून बंद: बाजारपेठेने तिन्हींची बेरीज केली. आमच्या समाजाचे एक ज्येष्ठ गृहस्थ भर पेठेत मला म्हणाले, "काय जिनेशभाऊ, जेवणावळ वाचवलीत का राव? आम्ही काय ताटं पळवली असती?" घोडेगावच्या आत्याबाईंनी तर खुशबूला फोन करून मुलाची उंची विचारली. खुशबूने मला विचारले, "पप्पा, खरंच कोण आलं होतं?" कोणी नाही, असे मी सांगितले. मग पाण्याची मोटार नीट चालते का, असे तिने विचारले.

पुढील रविवारीही मी तबकडी लावली आणि पुढील रविवारीही चहा आला. आवाज कमी करता आला असता, हे मी मान्य करतो. आता भाभींनी ठरवले आहे की येत्या १ फेब्रुवारीच्या रविवारी माझ्या पाहुण्यांनी त्यांच्याकडे जेवायचे. त्यांना पाहुणे दाखवणे मला भाग आहे, आणि दाखवण्यासारखे माझ्याकडे कोणी नाही.

तुझा,
जिनेश

ता. क. सबब विनंती अशी की, त्या रविवारी वहिनी, मुले, सुना, शेजारी, जमतील तेवढी माणसे घेऊन ये. शिट्टी मारता येणारा एखादा असल्यास उत्तम.

ता. क. दुसरा. वरील विनंती रद्द समजावी. पाकीट बंद करण्यापूर्वी मी जाऊन भाभींना सर्व खरे सांगितले. त्या पोळ्या लाटत होत्या. हात थांबला नाही. "ठावं हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या रविवारीच कळलं. तोच मानूस, तीच शिट्टी, त्याच जागंवर." मग चहा का पाठवलात, असे मी विचारले. "कप द्यायला येता तवा दोन शब्द बोलता. न्हाईतर तुमी कुठं बोलता?"

जेवण मात्र त्यांनी रद्द केलेले नाही. कांदा, लसूण, बटाटा न घालता त्या करणार आहेत आणि एक तरी खरा पाहुणा आण, असे त्यांचे म्हणणे आहे. तेव्हा तू एकटाच ये. पाहुण्याला तिखट चालतं का, असे त्यांनी विचारले; विचारून सांगतो, असे मी म्हणालो. वसतिगृहात तुला चालत असे. आता चालते का, तेवढे कळव.

(ताज्या कलमाखालीही सही असावी, म्हणून पुन्हा)

जिनेश फतेचंद कर्नावट
जुन्नर, दि. २२ जानेवारी २०२६